सिस्टर मेरी केनेथ केलर : संगणकाच्या वर्गातील धर्मभगिनी



संगणक आणि श्रद्धा हे दोन शब्द एकत्र आले की आज आपल्या डोळ्यांपुढे संत कार्लो अकुतिस उभे राहतात. २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी देवाघरी गेलेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदाला पोहोचलेला हा मुलगा आपल्या तरुणांच्या परिचयाचा आहे. परंतु कार्लोचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी, संगणक घराघरांत तर सोडाच, मोठमोठ्या विद्यापीठांतही दुर्मीळ होता त्या काळात, एका धर्मभगिनीने या यंत्राशी मैत्री केली होती. १९६५ साली अमेरिकेत संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव नोंदले गेले. पदवी घेऊन ती थांबली नाही. पुढची वीस वर्षे तिने मुलींना, शिक्षिकांना आणि लेकुरवाळ्या मातांना हे नवे शास्त्र शिकवले. सिस्टर मेरी केनेथ केलर यांची ही जीवनकथा आज आम्ही आपणांपुढे ठेवत आहोत. ती आत्ताच का सांगावीशी वाटली, ते शेवटी सांगू.

क्लीव्हलँडची मुलगी

सिस्टर केनेथ यांचा जन्म १७ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या क्लीव्हलँड या शहरात झाला. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. त्या मोठ्या झाल्या तेव्हा अमेरिकेवर दुसरे संकट कोसळले होते. १९२९ साली शेअर बाजार गडगडला, कारखाने बंद पडले, लाखो माणसांच्या हातचे काम गेले. त्या मंदीच्या ऐन कडाक्यात, १९३२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्या आयोवा राज्यातील डब्यूक येथे ‘सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेस्ड व्हर्जिन मेरी’ या धर्मभगिनींच्या संघात दाखल झाल्या.

या संघाची हकीकतही जाणून घेण्यासारखी आहे. मेरी फ्रान्सिस क्लार्क नावाची आयर्लंडमधील एक स्त्री आपल्या मैत्रिणींसह डब्लिनहून अमेरिकेला आली आणि १८३३ साली फिलाडेल्फिया शहरात तिने या संघाची सुरुवात केली. परक्या देशात पोट भरण्यासाठी आलेल्या गरीब कुटुंबांच्या मुलांना शिकवणे हे त्यांचे कार्य होते. १८४३ साली बिशप लोरास यांच्या निमंत्रणावरून या भगिनी मिसिसिपी नदीकाठच्या डब्यूकला गेल्या. तेव्हा ते जवळजवळ सरहद्दीवरचे गाव होते. तेथे त्यांनी त्याच वर्षी मुलींची शाळा काढली. त्या शाळेतूनच पुढे महाविद्यालय उभे राहिले आणि संस्थापिकेच्या स्मरणार्थ त्याला क्लार्क कॉलेज असे नाव मिळाले. म्हणजे सिस्टर केनेथ ज्या घरात आल्या, त्या घराचा श्वासच शिक्षण हा होता.

१९४० साली त्यांनी व्रते घेतली. शिकवता शिकवता त्यांचे स्वतःचे शिक्षणही चालू होते. शिकागो येथील डी पॉल विद्यापीठातून १९४३ साली त्यांनी गणिताची पदवी मिळवली, तेव्हा त्या २९ वर्षांच्या होत्या. त्याच विद्यापीठातून गणित व भौतिकशास्त्र या विषयांतील पदव्युत्तर पदवी मिळाली ती १९५३ साली, ३९ व्या वर्षी. त्या काळी अमेरिकेतील शिक्षिका असलेल्या सिस्टरांची पदवी बहुधा अशीच मिळत असे. वर्षभर शाळेत शिकवायचे, उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतः विद्यार्थिनी होऊन बाकावर बसायचे. एकेक पदवीला वर्षानुवर्षे लागत. पण कोणी त्यांना आता वय झाले, पुरे करा असे म्हटले नाही, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खोलीएवढे यंत्र आणि सहा मुली

सिस्टर केनेथ गणित शिकवत होत्या त्याच वर्षांत फिलाडेल्फियामध्ये एक अजब यंत्र तयार होत होते. एनियॅक हे त्याचे नाव. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या या यंत्राने एक मोठी खोली व्यापली होती, त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याचे वजन सुमारे ३० टन होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगाला दाखवण्यात आले.

या यंत्राकडून गणिते करून घेण्याचे काम सहा तरुणींकडे होते. कोणती तार कोठे जोडायची, कोणते बटण कोठे फिरवायचे, हे त्यांनी नकाशे वाचून स्वतःच शोधून काढले. शिकवायला पुस्तक नव्हते, कारण हे काम त्यांच्या आधी कोणी केलेच नव्हते. त्यांतील के मॅकनल्टी ही लहानपणी आयर्लंडहून आलेली मुलगी आणि तिची वर्गमैत्रीण फ्रॅन बायलस या दोघी धर्मभगिनी चालवत असलेल्या चेस्टनट हिल कॉलेजमध्ये गणित शिकून १९४२ साली पदवीधर झाल्या होत्या. यंत्राचा डंका जगभर वाजला, पण उद्घाटनानंतरच्या मेजवानीला या मुलींना बोलावणे नव्हते. छायाचित्रांत त्या दिसत, पण त्यांचे काम काय होते हे कित्येक वर्षे कोणी विचारलेही नाही.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की संगणक हे मुलांचे क्षेत्र आहे, मुली त्यात मागाहून आल्या, असा आपला समज असतो. खरी गोष्ट उलटी आहे. सुरुवातीच्या कामात मुली होत्याच. त्यांची नावे मागे पडली.

पुरुषांच्या महाविद्यालयात

पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना सिस्टर केनेथ यांना संगणकाची गोडी लागली. अधिक शिकण्यासाठी त्या वेगवेगळ्या विद्यापीठांत गेल्या. त्यांतील एक म्हणजे न्यू हॅम्पशायर राज्यातील डार्टमथ कॉलेज. हे महाविद्यालय तेव्हा केवळ पुरुषांसाठी होते. मुलींना पदवीसाठी तेथे प्रवेश मिळू लागला तो १९७२ साली. तेथील संगणक केंद्रातही पुरुषांचाच वावर असे. अशा जागी एक धर्मभगिनी यंत्रापुढे बसून शिकू लागली.

डार्टमथमध्ये त्या काळात फार महत्त्वाचे काम चालू होते. तोपर्यंत संगणकाला काम सांगायचे म्हणजे छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा तयार करून तो केंद्रावर द्यायचा आणि आपली पाळी येण्याची वाट पाहायची. एखादे चिन्ह चुकले तर सारे पुन्हा पहिल्यापासून. शिवाय यंत्राची भाषा इतकी किचकट की गणितज्ञ आणि अभियंते सोडून इतरांना ती येणे अवघड. जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांना वाटले की इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता आला पाहिजे. त्यासाठी त्यांनी साध्या इंग्रजी शब्दांवर आधारलेली एक सोपी भाषा रचली. १ मे १९६४ रोजी पहाटे ती पहिल्यांदा यंत्रावर चालली. तिचे नाव बेसिक. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत संगणकाचे पहिले धडे गिरवले, त्यांतील कित्येकांनी याच भाषेत दहा ओळींचा पहिला प्रोग्राम लिहिला असेल.

बेसिकचे जनक म्हणून त्या दोन प्राध्यापकांचीच नावे घेतली जातात आणि ते योग्यच आहे. सिस्टर केनेथ यांनी डार्टमथमधील विचार मात्र पुढे जन्मभर जोपासला. संगणक हा मूठभर तज्ज्ञांचा नाही, तो सर्वांना शिकवता येतो आणि शिकवला पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली.

७ जून १९६५

डॉक्टरेटसाठी त्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅडिसन येथे गेल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय त्या काळाच्या मानाने फार पुढचा होता. थोड्या सोप्या भाषेत सांगायचे तर, यंत्रापुढे काही नमुने ठेवले असता त्यांवरून मागचा नियम यंत्राला काढता येईल काय, असा तो प्रश्न होता. लहान मूल नाही का, चार वाक्ये ऐकून पाचवे आपल्या मनाने रचते? बारावी विज्ञान शाखेच्या मुलांना बीजगणितातील राशींचे विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, करावे लागते. तेच काम यंत्राकडून करून घेण्याच्या पद्धती सिस्टर केनेथ यांनी फोरट्रान या संगणकभाषेत लिहिल्या. नमुन्यांवरून शिकणारी यंत्रे आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत. साठ वर्षांपूर्वी एक नन त्याच दिशेने विचार करत होती.

७ जून १९६५ रोजी त्यांना संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. संपूर्ण अमेरिकेत या विषयात ही पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच दिवशी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून आयर्विंग टँग या पुरुष विद्यार्थ्यालाही संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळाली. म्हणजे स्त्री-पुरुष भेद बाजूला ठेवला तरी देशातील पहिल्या दोघांत सिस्टर केनेथ यांचे नाव येते. तेव्हा त्यांचे वय होते ५१ वर्षे.

त्याच वर्षी ८ डिसेंबरला रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचा समारोप झाला. चर्चने आधुनिक जगाकडे खिडक्या उघडून पाहावे, असे महासभेने सांगितले. सिस्टर केनेथ यांच्या संघाने मात्र आपल्या एका भगिनीला आधीच त्या खिडकीपाशी नेऊन उभे केले होते.

क्लार्क कॉलेजमधील वीस वर्षे

एवढी दुर्मीळ पदवी हाती असताना त्यांना मोठ्या विद्यापीठात जागा मिळाली असती. त्या डब्यूकला, आपल्याच संघाच्या छोट्या क्लार्क कॉलेजमध्ये परत आल्या. तेथे १९६५ साली त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि पुढची वीस वर्षे त्याच्या प्रमुख म्हणून काम पाहिले. क्लार्क तेव्हा मुलींचे महाविद्यालय होते, मुलांना तेथे प्रवेश मिळाला तो १९७९ साली. मोठमोठ्या विद्यापीठांतही संगणकाचे वेगळे विभाग नुकतेच उघडत होते, तेव्हा नदीकाठच्या एका छोट्या गावात मुली हे शास्त्र शिकू लागल्या.

यंत्रासाठी पैसा लागतो. त्यासाठी सिस्टर केनेथ यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडून दोन वर्षांत मिळून २५,००० डॉलरचे अनुदान मिळवले. छोट्या महाविद्यालयांची अडचण त्यांना ठाऊक होती. मोठ्या विद्यापीठांसारखे पैसे नाहीत, तज्ज्ञ माणसे नाहीत, मग एकट्याने काय करायचे? म्हणून अशा महाविद्यालयांतील संगणक वापरणाऱ्यांची एक संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. एकाला आलेली अडचण आणि त्यावर सापडलेला उपाय दुसऱ्याला कळावा, हा तिचा हेतू होता. शिक्षकांना आपापल्या विषयात संगणक कसा वापरावा हे शिकता यावे म्हणून पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. या विषयावर त्यांनी चार पुस्तके लिहिली.

त्यांचा विचार साधा होता. माहिती दिवसेंदिवस वाढत जाणार आहे आणि ती माणसाच्या हाती वेळेवर आली नाही तर तिचा उपयोग नाही, हे त्यांनी फार लवकर ओळखले. म्हणून ग्रंथालय असो, दवाखाना असो की दुकान, प्रत्येक ठिकाणी संगणक जाणणारी माणसे लागतील, असे त्या सांगत. यंत्राने माणसाचा विचार बंद पाडू नये, उलट माणसाला स्वतः विचार करायला शिकवावे, यावर त्यांचा कटाक्ष होता.

पण त्यांच्या कार्यातील एक गोष्ट आमच्या मनाला विशेष भिडली. त्यांच्या वर्गात नोकरी करणाऱ्या आणि घरी लहान मूल असलेल्या स्त्रियाही येत. मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून एखाद्या आईचा वर्ग बुडू नये, यासाठी बाळाला घेऊनच वर्गात या, असे त्या सांगत. कल्पना करा, फळ्यावर प्रोग्राम लिहिला जात आहे, आणि मागच्या बाकावर एक बाळ आईच्या मांडीवर झोपले आहे. स्वतः व्रतस्थ असलेल्या, मूल न वाढवलेल्या या सिस्टरांना आईची अडचण कळली. सभागृहात ठराव करून, भाषणे देऊन जे झाले नसते, ते त्यांनी वर्गाचे दार थोडे अधिक उघडून केले.

१० जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी सिस्टर केनेथ देवाघरी गेल्या. क्लार्क कॉलेजच्या संगणक केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आणि संगणकशास्त्र शिकणाऱ्यांसाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्तीही सुरू झाली.

त्यांच्यानंतर काय झाले

येथे कथा संपवता आली असती. परंतु त्यानंतर जे घडले ते सांगितल्याशिवाय तिचा अर्थ पुरा लागत नाही.

सिस्टर केनेथ यांच्या अखेरच्या काळात, १९८४ च्या सुमारास, अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ३७ मुली होत्या. हा आकडा वाढत जाईल असेच सर्वांना वाटले असणार. झाले उलटेच. तो घसरत गेला आणि २०१० च्या आसपास १८ वर आला. मुलींची बुद्धी काही पंचवीस वर्षांत कमी झाली नाही. घडले ते असे. घरगुती संगणक बाजारात आला तो मुलांचे खेळणे म्हणून. जाहिरातींत मुलगेच दिसत. घरात संगणक आला की तो मुलाच्या खोलीत ठेवला जाई. ही मुले महाविद्यालयात आली तेव्हा त्यांचे हात बसलेले होते. प्राध्यापकही सर्वांना थोडेफार येतेच असे धरून शिकवू लागले. मग ज्या मुलीने यंत्राला हात लावला नव्हता, तिला पहिल्याच महिन्यात वाटू लागले की हे आपले काम नव्हे.

यावर उपाय नव्हता असेही नाही. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९५ साली संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांत अवघ्या ७ मुली होत्या. तेथील मंडळींनी मुलींशी बोलून कारणे शोधली. ज्यांना आधीचा सराव नाही त्यांच्यासाठी वेगळा पहिला वर्ग सुरू केला, प्रवेश देताना आधी प्रोग्राम लिहिले आहेत काय याला दिलेले महत्त्व कमी केले, शाळांतील शिक्षकांनाही तयार केले. २००० साली तेथे शंभरांत ४२ मुली आल्या. परीक्षा सोपी केली नव्हती. दार मात्र नीट उघडले होते. डब्यूकमधील एका ननने हेच तीस वर्षे आधी केले होते.

आपल्यासाठी

आता हे चरित्र आम्ही आज का सांगितले, ते सांगतो. आपल्याकडे मुली शिकतात, चांगले गुण मिळवतात, मिस्सेनंतर त्यांचे कौतुकही होते. परंतु पुढचा प्रश्न आला की घराघरांत आवाज बदलतो. इंजिनीअरिंगची फी मुलासाठी कर्ज काढून भरली जाते, मुलीसाठी मात्र एखादा छोटा कोर्स बरा वाटतो. पहाटेची लोकल पकडून कामाला जाणारी मुलगी लग्न ठरले की नोकरी सोडते, किंवा पहिले बाळ झाले की सोडते, आणि पुन्हा सुरुवात करायची म्हटले की आता या वयात काय, असे तिला ऐकावे लागते. अर्धवट राहिलेली पदवी कपाटातल्या फाइलमध्ये पडून राहते. ज्या आईने दागिने मोडून तिला शिकवले, तिलाही हे पाहून वाईट वाटत असते, पण ती बोलत नाही.

मूल सांभाळण्यासाठी घरी राहणे हा एखाद्या मातेचा स्वतःचा, मनापासूनचा निर्णय असेल तर तो आदरणीयच आहे. आमचे म्हणणे एवढेच की तो निर्णय तिचा असावा. दुसरा मार्गच नाही म्हणून तो तिच्यावर येऊन पडू नये.

सिस्टर केनेथ यांच्या आयुष्याकडे पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. त्यांच्या पाठीशी एक घर होते, ज्याने त्यांना ५१ व्या वर्षापर्यंत शिकू दिले. डार्टमथमध्ये कोणीतरी एक दार उघडले, जे स्त्रियांसाठी बंद होते. आणि स्वतः आत गेल्यावर त्यांनी ते दार मागून येणाऱ्यांसाठी उघडेच ठेवले. यांतली कोणती गोष्ट आपल्याला अशक्य आहे? घरात एकच संगणक असेल तर तो मुलगा व मुलगी दोघांच्या हाताशी राहील असा ठेवणे, सुनेची परीक्षा असेल त्या आठवड्यात नातवाला आजी-आजोबांनी सांभाळणे, चाळिशीतल्या बहिणीने पुन्हा शिकायचे म्हटले तर तिला हसू नये, हे प्रत्येक घराला जमणारे आहे. आणि आपल्यातील ज्या भगिनी आज संगणक क्षेत्रात नोकरी करतात, त्यांनी रविवारी दुपारचा एखादा तास काढून धर्मग्रामातील दहावी-बारावीच्या मुलींना आपण कसे शिकलो, कोठे अडलो, फी कशी भरली हे सांगितले, तर त्याचा उपयोग कोणत्याही मोठ्या भाषणाहून अधिक होईल.

आपल्या मुलींना देवाने दिलेली बुद्धी ही तालंतासारखी आहे. ती जमिनीत पुरून ठेवण्यासाठी दिलेली नाही. येत्या प्रवेशाच्या दिवसांत, मुलीचा फॉर्म भरताना, डब्यूकच्या वर्गातील मागच्या बाकावर झोपलेल्या त्या बाळाची आणि पुढे बसून शिकणाऱ्या त्याच्या आईची आठवण आपण ठेवू या. आणि तशा प्रत्येक मुलीसाठी व मातेसाठी पवित्र मरियेकडे प्रार्थना करू या.